स्फटिकाचे कुलूप, उजेडाची किल्ली

एप्रिल उजाडला की कणकवली तालुक्यातल्या नांदगाव तिठ्यावर आंब्याच्या गाड्यांची वर्दळ वाढते. देवगडकडून येणारा रस्ता इथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. गाडीतल्या पेट्यांमध्ये हापूस असतो, पण तो पिकलेला नसतो. झाडावर तयार झालेले, तरी कडक आणि हिरवे फळ उतरवायचे, प्रवासात ते तसेच राहिले पाहिजे आणि गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर पिकले पाहिजे, अशी ही दरवर्षीची कसरत. वाटेतच पिकले तर फळ दबते, डाग धरते. वेळेवर पिकले नाही तर भाव हातचा जातो.

फळ पिकवणारा पदार्थ फळ स्वतःच तयार करते. इथिलीन हा तो वायू. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, एवढाच त्याचा रेणू. कोकणातल्या घरी गवताची अढी घालतात तेव्हा हाच वायू काम करतो. गवत ऊब धरते, फळांतून सुटलेला वायू कोंडून राहतो आणि एकामागून एक फळ पिकत जाते. व्यापारात हेच मोठ्या प्रमाणावर करायचे तर बंद खोलीत बाहेरून इथिलीन सोडावा लागतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये त्याला परवानगी दिली. मर्यादा ठरली हवेच्या दहा लाख भागांमागे १०० भाग.

कॅल्शियम कार्बाइडला मात्र कायद्याने बंदी आहे. कार्बाइडला ओलावा लागला की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो इथिलीनसारखे काम करतो. पण कारखान्यात वापरायच्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. ते हाताळणाऱ्यालाही बाधतात आणि फळ खाणाऱ्यालाही बाधू शकतात. बंदी असूनही कार्बाइडचा मोह का सुटत नाही, याचे उत्तर सोपे आहे. त्याची पुडी स्वस्त असते आणि पेटीत टाकली की काम होते. खोली नको, यंत्र नको, ज्वालाग्राही वायूचा सिलिंडर नको.

म्हणजे बाजाराला हवी आहे ती वायू सोडणारी, हाताळायला सोपी अशी घन पुडी. ती विषारी नसावी आणि ती केव्हा उघडायची हे आपल्या हातात असावे, एवढीच अट. औषध शरीरात नेमक्या जागी सोडू पाहणारे डॉक्टर आणि धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडू पाहणारे अभियंतेही हीच अट घालतात. या तिघांच्या प्रश्नाला उत्तर शोधणारे एक क्षेत्र गेल्या काही वर्षांत आकाराला येत आहे. ते आहे उजेड पडताच आपली रचना बदलणाऱ्या रेणूंच्या स्फटिकांचे.

कोंडणे सोपे, सोडणे कठीण

एखादा पदार्थ दुसऱ्या घन पदार्थात कोंडून ठेवणे ही नवी गोष्ट नाही. औषधाच्या बाटलीत सिलिका जेलची छोटी पुडी असते. तिच्या दाण्यांना असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांत हवेतला ओलावा अडकतो. पुडी पाण्याने भरली की ती पुन्हा वापरण्यासाठी तापवावी लागते. उष्णता मिळाली की पाणी सुटते. इथे किल्ली आहे उष्णतेची.

मोठ्या कारखान्यांतही हीच किल्ली चालते. धुरातला कार्बन डायऑक्साइड अमाइन नावाच्या रसायनांच्या द्रावणात पकडतात. मग तो सोडवून घेण्यासाठी द्रावण १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. या उष्णतेवरच इतके इंधन जाते की सारा खटाटोप महाग पडतो. आंब्याच्या पेटीत किंवा माणसाच्या शरीरात तर असे तापवणे शक्यच नाही.

दुसरी किल्ली पाण्याची. सफरचंदे शीतगृहात महिनोन्महिने टिकावीत म्हणून १-एमसीपी नावाचा वायू जगभर वापरला जातो. तो फळातल्या इथिलीनच्या जागा अडवून बसतो आणि पिकणे लांबवतो. हा वायू साठवतात सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये, म्हणजे ग्लुकोजचे सहा रेणू कड्यासारखे जोडून बनलेल्या पदार्थात. कड्याच्या पोकळीत वायूचा रेणू बसतो. ही भुकटी पाण्यात टाकली की तो बाहेर पडतो. कल्पना छान आहे, पण कोकणच्या दमट हवेत पाण्याची किल्ली जिथे तिथे पडलेली असते. पुडी नको तेव्हाच उघडण्याचा धोका राहतो.

तिसरी किल्ली उजेडाची. ती बटण दाबून चालू करता येते, बंद करता येते. हवी तेवढ्याच जागेवर टाकता येते. तिचा रंग निवडता येतो आणि मागे काही उरत नाही. प्रश्न एवढाच, की उजेडाने उघडणारे कुलूप बनवायचे कसे?

नारळाची रास आणि रेणूंची रास

स्फटिक म्हटले की हिरा किंवा मीठ आठवते. पण साखर, कापूर आणि डांबरगोळी हेही स्फटिकच आहेत. मिठात विद्युतभार असलेले कण एकमेकांना घट्ट धरून असतात. साखरेत किंवा कापरात मात्र अख्खे रेणू ओळीने रचलेले असतात आणि त्यांच्यातले आकर्षण तुलनेने हलके असते. म्हणून तर कापूर उघडा ठेवला की हळूहळू उडून जातो. अशा स्फटिकांना रेणवीय स्फटिक म्हणतात.

बहुतेक रेणू स्फटिकात इतके दाटीने बसतात की मधे जागाच उरत नाही. चौकोनी पेट्या गाडीत रचल्या तर फट राहत नाही, तसेच हे. पण नारळांची रास घातली तर नारळ कितीही दाबून बसवले तरी मधे पोकळी राहतेच. रासायनिक प्रयोगशाळेत मुद्दाम अशा वेड्यावाकड्या आकाराचे रेणू बनवतात, की ते रचले गेल्यावर मधे रिकाम्या जागा राहाव्यात. या जागा नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापाच्या असतात. वायूच्या रेणूला तेवढी जागा पुरते.

हे झाले कोठार. आता त्याला दार हवे.

कोपरात वाकणारा रेणू

दाराचे काम करणारा सर्वांत प्रसिद्ध रेणू म्हणजे ॲझोबेंझीन. दोन बेंझीन कडी आणि त्यांना जोडणारे दोन नायट्रोजन अणू, अशी त्याची रचना. तो नारिंगी रंगाचा असतो. कापड रंगवण्याच्या कितीतरी रंगांमध्ये नायट्रोजनची हीच जोडी असते. नेहमीच्या अवस्थेत हा रेणू ताठ आणि सपाट असतो. त्यावर अतिनील किरण पडले की त्याचा एक भाग फिरतो आणि हात कोपरात वाकवावा तसा रेणू वाकतो. त्याच्या दोन टोकांमधले अंतर सुमारे ०.९ नॅनोमीटरवरून ०.५५ नॅनोमीटरवर येते. निळा प्रकाश टाकला किंवा थोडी ऊब दिली की तो पुन्हा ताठ होतो. अंधारात नुसता ठेवला तरी सावकाश पूर्वस्थितीला येतो. हे वाकलेले रूप ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जी. एस. हार्टली यांनी १९३७ मध्ये जगापुढे आणले.

द्रावणात हे सहज घडते, कारण तिथे हलायला जागा असते. स्फटिकात मात्र अडचण येते. गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेच्या जनरल डब्यात उभ्या माणसाला हात वर करून टाळू खाजवणेही कठीण, तशी स्फटिकातल्या रेणूची गत असते. उजेड पडतो, रेणूला फिरावेसे वाटते, पण शेजारी हलू देत नाहीत. काही वेळा ताण इतका वाढतो की स्फटिक तडकतो किंवा टुणकन उडतो. जपानमधल्या मासाहिरो इरिए यांच्या गटाने २००७ मध्ये वेगळ्या जातीचे रेणू वापरून उजेडाने आकार बदलणारे आणि पुन्हा मूळ आकारात येणारे स्फटिक दाखवले. त्यातून रेणूंची रचना नीट निवडली तर घन पदार्थातही त्यांना हलवता येते हे स्पष्ट झाले.

इटलीतला चार हातांचा रेणू

साठवण आणि उजेड यांची गाठ घालणारा एक महत्त्वाचा प्रयोग २०१५ मध्ये ‘नेचर केमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बोलोन्या विद्यापीठातले आल्बेर्तो क्रेदी आणि मिलानच्या बिकोका विद्यापीठातल्या आंजोलिना कोमोत्ती हे त्यातले प्रमुख संशोधक. त्यांच्या चमूने चार हातांचा, चांदणीसारखा रेणू बनवला. प्रत्येक हातात ॲझोबेंझीनचा एक तुकडा होता.

चारही हात ताठ असताना हे रेणू असे रचले जातात की स्फटिकात छिद्रे राहतात आणि त्यांत कार्बन डायऑक्साइड शिरतो. अतिनील प्रकाश टाकला की हात वाकतात आणि सगळी रचना कोसळते. स्फटिकाचा अस्ताव्यस्त, छिद्रहीन पदार्थ होतो आणि वायू धरण्याची त्याची ताकद जाते. मग दृश्य प्रकाश टाकला किंवा ऊब दिली की हात पुन्हा ताठ होतात, रेणू पुन्हा ओळीत येतात आणि छिद्रे परत उघडतात. हाताच्या टोकाला लावलेला अणूंचा गट बदलला की छिद्रांचे मापही बदलता येते. कोठार बांधणे आणि मोडणे हे दोन्ही इथे उजेडाने साधले.

जाळीदार घरे आणि पुण्याची भर

रेणू नुसते रचण्याऐवजी धातूच्या अणूंनी एकमेकांना सांधले तर जास्त भक्कम जाळी तयार होते. या धातू-सेंद्रिय जाळ्यांच्या कामासाठीच २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक रिचर्ड रॉबसन, सुसुमु कितागावा आणि ओमर याघी यांना मिळाले. रॉबसन यांना ही कल्पना सुचली ती मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लाकडी गोळ्यांच्या प्रतिकृती बनवताना. पहिली जाळी त्यांनी १९८९ मध्ये मांडली. याघी यांच्या १९९९ मधल्या प्रसिद्ध जाळीच्या एक-दोन ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा असतो. एवढ्याशा भुकटीत इतका वायू का मावतो, ते यावरून लक्षात येते. अमेरिकेत अशा जाळीत इथिलीन भरून केळी आणि ॲव्होकाडो पिकवण्याचे प्रयोगही झाले आहेत.

अशा जाळीत ॲझोबेंझीन गुंफले तर? ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठ आणि सीएसआयआरओ या संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच केले. त्यांच्या जाळीने शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ६४ टक्क्यांपर्यंत वायू नुसत्या प्रकाशाने बाहेर आला. त्यासाठी जाळी तापवावी लागली नाही. त्यांनी सूर्यप्रकाशासारखा, अनेक रंग एकत्र असलेला उजेडही वापरून पाहिला. तापवण्यावर खर्च होणारे इंधन वाचवायचा एक मार्ग त्यामुळे डोळ्यांसमोर आला.

जाळ्यांची एक मोठी दुखती नस म्हणजे ओलावा. याघी यांची ती प्रसिद्ध जाळीसुद्धा दमट हवेत खराब होते. या बाबतीत पुण्याची भर मोलाची आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये धातू न वापरता, केवळ सेंद्रिय रेणू एकमेकांना जोडून अशा जाळ्या तयार केल्या, ज्या आम्लात आणि उकळत्या पाण्यातही टिकल्या. बॅनर्जी नंतर कोलकात्याच्या आयसर संस्थेत गेले आणि २०१८ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुण्याच्या आयसरमध्ये सुजित घोष यांचा गट पाण्यातली विषारी द्रव्ये पकडणाऱ्या सच्छिद्र जाळ्यांवर काम करतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात उपयोगी पडणारी कोणतीही पुडी बनवायची झाली, तर पाण्यापुढे टिकणारी जाळी ही पहिली पायरी आहे आणि ती महाराष्ट्रात चढली गेली आहे.

दवाखान्यातली उजेडाची किल्ली

उजेडाने रेणू वाकवणे हे ऐकायला नवलाचे वाटले, तरी नवजात बाळांच्या उपचारात ते अनेक दशके चालू आहे. जन्मानंतर काही दिवसांत अनेक बाळांना कावीळ होते. रक्तात बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य साठते. ते फार वाढले तर मेंदूला इजा होऊ शकते. बिलिरुबिनचा रेणू स्वतःच्याच अंगात घडी घालून बसलेला असतो, म्हणून तो पाण्यात विरघळत नाही आणि बाळाचे कोवळे यकृत त्याला पटकन बाहेर काढू शकत नाही. बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवले की कातडीजवळच्या रेणूंचा एक भाग फिरतो, घडी उलगडते आणि द्रव्य पित्तातून व लघवीतून बाहेर पडू लागते. ॲझोबेंझीन वाकते त्याच तत्त्वावर हे घडते.

याचा शोध प्रयोगशाळेत लागला नव्हता. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफोर्ड रुग्णालयात जीन वॉर्ड ही परिचारिका बाळांना उन्हाला नेत असे. उजेड लागलेली कातडी कमी पिवळी दिसते, हे १९५६ मध्ये तिच्या लक्षात आले. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा पाठपुरावा करून १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध प्रसिद्ध केला.

औषध साठवून उजेडात सोडणारा रेणूही दवाखान्यात आहे, पण तिथे ही किल्ली त्रासदायक ठरते. रक्तदाब धोकादायकरीत्या वाढला तर सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेतून देतात. त्याच्या रेणूत नायट्रिक ऑक्साइड बांधलेला असतो. शरीरात तो सुटला की रक्तवाहिन्या सैल पडतात. पण उजेड लागला तर हे औषध बाटलीतच फुटू लागते आणि त्यातून सायनाइडही सुटू शकते. म्हणून सलाइनची बाटली काळ्या किंवा चंदेरी कागदात गुंडाळून टांगतात. हवा तिथे उजेड आणि नको तिथे अंधार ठेवता आला, तरच ही किल्ली कामाची.

अजून काय अडले आहे?

पहिली अडचण उजेड आत पोचण्याची. अतिनील किरण कातडीच्या वरच्या थरातच अडतात आणि पेशींना इजाही करतात. लाल आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश त्याहून खोल जातो, पण तोही काही मिलिमीटर ते सुमारे एक सेंटिमीटरपर्यंतच. पोटाच्या आतल्या गाठीपर्यंत औषध न्यायचे तर बारीक प्रकाशतंतूतून उजेडही तिथवर न्यावा लागेल. म्हणून लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारे रेणू बनवण्यावर सध्या मोठा भर आहे. डोळा आणि कातडी ही उजेड सहज पोचणारी ठिकाणे असल्याने तिथल्या उपचारांना ही वाट जवळची आहे. भुकटीच्या ढिगाचेही तेच. उजेड वरच्या थरावर पडतो, खालचे स्फटिक अंधारात राहतात. त्यावर उपाय म्हणून पातळ थर आणि पडदे बनवले जात आहेत.

दुसरी अडचण टिकाऊपणाची. दार शेकडो वेळा उघडले-मिटले तरी बिजागरी झिजता कामा नये. तिसरी सुरक्षिततेची. ॲझोबेंझीनचे मूळ संयुग कर्करोगाला कारण ठरू शकते, असा संशय आहे. ते स्फटिकात घट्ट बसलेले असले तरी फळाजवळ किंवा शरीरात वापरण्याआधी कडक चाचण्या कराव्या लागतील. चौथी अडचण किमतीची. चार हातांचा रेणू ग्रॅमच्या हिशेबात बनवणे वेगळे आणि पेटीपेटीत टाकण्याइतका बनवणे वेगळे.

त्यामुळे दुकानातल्या दिव्याखाली पेटी उघडताच आतल्या पुडीतून मोजका इथिलीन सुटेल आणि रस्त्यात अंधाऱ्या गाडीत ती पुडी गप्प राहील, हे आज तरी चित्रच आहे. अशी पुडी कणकवलीच्या किंवा वाशीच्या बाजारात मिळत नाही. कोणी ‘नॅनो’ किंवा ‘स्फटिक’ असे नाव सांगून फळे पिकवायची पावडर विकत असेल, तर ती काय आहे आणि तिला परवानगी आहे का, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. तोवर गवताची अढी किंवा नियमानुसार चालवलेली इथिलीनची खोली हेच खात्रीचे मार्ग आहेत.

उजेड रेणूंना हलवतो, एवढे लक्षात ठेवले तरी घरात उपयोग होतो. गडद तपकिरी बाटलीतले औषध पारदर्शक बाटलीत ओतून ठेवू नये. वेष्टनावर प्रकाशापासून दूर ठेवण्याची सूचना असेल तर गोळ्या खिडकीत किंवा गाडीच्या काचेपाशी ठेवू नयेत. आणि बाळ पिवळे दिसले तर घरीच उन्हात धरून वाट पाहू नये. उन्हाची मात्रा मोजता येत नाही, त्यात अतिनील किरण असतात आणि कावीळ किती वाढली आहे हे डोळ्यांना नीट कळत नाही. तपासणी करून निळा प्रकाश द्यायचा की नाही आणि किती वेळ, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.